कोनाड्यातल्या उभ्या बाटल्या

कोनाड्यातल्या बाटल्या आडव्या करायच्या नाहीत, आणि का ते विचारायचं नाही.

द्राक्षांच्या मुलखात एका व्यापाऱ्याच्या तळघरात एक मुलगी शिकायला आली, तेव्हा पहिल्या दिवशी तिला हा एवढाच नियम सांगण्यात आला. बाकीचं कळेल हळूहळू, असं तळघराचा वृद्ध राखणदार म्हणाला. हे मात्र आजच गाठीला बांधून ठेव.

व्यापारी भला माणूस होता. सगळे त्यांना शेठजी म्हणत. द्राक्षं जहाजानं परदेशी पाठवायचा त्यांचा धंदा. तरुणपणी त्या धंद्यापायीच ते फ्रान्सला गेले होते. तिथे बोर्दो शहरात एका यजमानानं जेवताना त्यांच्या पेल्यात त्यांच्याच वयाची लाल वाइन ओतली, आणि त्या एका घोटानं शेठजी बदलले. आपण जे फळ पेटीत भरून विकतो, ते कुणी प्रेमानं सांभाळलं तर इतक्या वर्षांनी असं बोलू लागतं, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. परत आल्यावर त्यांनी घरामागच्या टेकडीच्या काळ्या पाषाणात तळघर खोदून घेतलं आणि फ्रान्सहून एकेक पेटी आणायला सुरुवात केली. लोक जमिनी घेत होते, सोनं घेत होते. शेठजी वाइन आणून निजवत होते.

निजवत, हाच शब्द त्या तळघराला शोभणारा. बाहेर वैशाख भाजून काढत असला तरी आत पायरीगणिक गारवा वाढत जाई. भिंतींच्या कडेनं ओल्या वाळूत माठ बसवलेले होते. ते सतत पाझरत, त्यामुळे हवेत ओल राही. लाकडी मांडण्यांवर बाटल्या आडव्या पडलेल्या असत. बोर्दोच्या ताठ खांद्यांच्या, बर्गंडी प्रांतातल्या उतरत्या खांद्यांच्या. तिथे मोठ्यानं कुणी बोलत नसे. निजलेल्या मुलांच्या खोलीत बोलावं तसं बोलत.

फक्त समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात बारा बाटल्या उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यांत झेंडूच्या माळा आणि कपाळावर, म्हणजे चिठ्ठीच्या जरा वर, कुंकवाचं बोट.

राखणदाराला सगळे नाना म्हणत. नाना तरुणपणी जहाजावर होते. एकदा बोर्दोच्या बंदरात उतरले ते उतरलेच. पुढची कित्येक वर्षं तिथल्या तळघरांमध्ये पिंपं धुण्यात, बाटल्या भरण्यात आणि थोरामोठ्यांचं चाखणं पाहण्यात गेली. शेठजींनी त्यांना तिथूनच गळ घालून आणलं होतं. त्यांचं फ्रेंच खलाशाच्या धाटणीचं होतं आणि मराठी कीर्तनकाराच्या.

मुलगी रसायनशास्त्र शिकलेली होती. आंबण्याची सगळी सूत्रं तिला पाठ होती, आणि वडीलधाऱ्यांच्या ‘कळेल हळूहळू’चा तिला मनापासून कंटाळा होता.

“नाना, त्याच तेवढ्या उभ्या का?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“नियम सांगितला ना तुला?”

“नियम सांगितलात. कारण नाही सांगितलंत.”

“विचारायचं नाही, हेच कारण.” नाना म्हणाले आणि माठांत पाणी ओतू लागले.

तिनं जीभ आवरली. ती शिकायला आली होती. भांडायला येणं परवडणारं नव्हतं, कारण त्या मुलखात असं तळघर दुसरं नव्हतं आणि असा गुरू तर नव्हताच.

पुढे काही दिवसांनी नानांनी एक विचित्र गोष्ट केली. मुलीला दुपारी खाली बोलावलं, पाटावर दोन बाटल्या ठेवल्या. एकाच पेटीतल्या, एकाच वर्षाच्या, एकाच मळ्यातल्या. दोन्ही उघडल्या. पहिल्या बाटलीचं बूच ते काढायच्या स्क्रूबरोबर संथपणे वर आलं आणि एखाद्यानं झोपेत सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला. दुसऱ्या बाटलीचं बूच मात्र स्क्रूचं टोक लागताच भुग्यासारखं कोसळलं.

“चाख,” नाना म्हणाले.

पहिल्या पेल्यात वाळलेल्या गुलाबाचा, ओल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा वास होता. मुलीनं एक घोट घेतला आणि लगेच दुसरा. दुसऱ्या पेल्याशी तिनं नाक नेलं आणि लगेच मागे घेतलं.

“हा तर आंबून शिरका झालाय.”

“झालाय. आता सांग, मी काय केलं?”

“ही कुठेतरी उन्हात ठेवली असेल.”

“नाही. दोन्ही याच खोलीत होत्या. एकाच माठाशेजारी.”

“मग पेटीतच खराब निघाली असेल.”

“नाही.” नाना हसले. “एकीला मी निजवलं होतं, दुसरीला उभं ठेवलं होतं. तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हापासून. कोणीतरी शिकायला येईल, त्याला दाखवायला.”

मुलगी गोंधळली. एक चांगली बाटली मारून टाकायची, आणि तीही नुसती दाखवायला? नानांनी दोन्ही बुचं तिच्या तळहातावर ठेवली. एक फुगलेलं, मऊ, टोकाला जांभळं. दुसरं आक्रसलेलं, पांढुरकं, बोटानं दाबलं की भुगा.

“पोरी, बूच हा पहारेकरी आहे,” नाना म्हणाले. “ज्याची राखण करायची त्याचा स्पर्श त्याला सतत हवा. बाटली निजलेली असली की वाइन बुचाला लागून राहते, बूच ओलं राहतं, फुगलेलं राहतं, दार घट्ट बंद राहतं. बाटली उभी केलीस की दोघांमध्ये अंतर पडतं. बूच सुकतं, आक्रसतं. बाहेरून तसंच दिसतं हो, लाखेची मोहर असते, चिठ्ठी असते. पण फटीतून हवा आत जाते आणि आतलं सगळं गुपचूप मरतं. कोणी फोडलं नाही, कोणी चोरलं नाही. नुसतं अंतर पडलं.”

मुलीला ते फार आवडलं. तिच्या पुस्तकांत प्राणवायूबद्दल पुष्कळ लिहिलं होतं, पण अंतराबद्दल कुणी लिहिलं नव्हतं. तिनं ती दोन्ही बुचं ओढणीच्या टोकात बांधून घेतली. आणि मग तिची नजर आपोआप समोरच्या कोनाड्याकडे गेली.

“मग नाना, त्या?”

नानांनी रिकामे पेले उचलले. “तो नियम वेगळा,” म्हणाले.

तो नियम वेगळा कसा, हे तिला शेठजींच्या थोरल्या बहिणीकडून कळलं. अख्खं घर तिला आत्याबाई म्हणे. शेठजींनी पहिली पेटी आणली तेव्हा त्यांच्या आईनं अन्नपाणी सोडलं होतं. देवाधर्माच्या घरात दारू, आणि तीही जपून ठेवायची म्हणे. शेवटी आई एका अटीवर बधली. धंद्याची वस्तू आहे ना, मग खंडेनवमीला जशी तराजूची आणि कात्र्यांची पूजा होते तशी हिचीही पूजा होईल. ही पहिली पेटी कोनाड्यात देवासारखी उभी राहील, आणि योग्य वेळ आल्याशिवाय कुणी तोंड लावणार नाही. शेठजींनी आईच्या पायाला हात लावून शब्द दिला. त्या वर्षी मालाला भाव लागला. मग आई गेली. शब्द राहिला.

“आईंना कुणी सांगितलं नाही का, बाटली निजवायची असते म्हणून?” मुलीनं विचारलं.

“सांगितलं तर! तेव्हा आई म्हणाली, देव काय कुणी निजवून पूजतात?” आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या.

“शेषशायी विष्णू निजलेलाच असतो, आत्याबाई.”

“तुला फार येतं,” आत्याबाई म्हणाल्या. “तोंडानं फटकळ असलीस की सासर लांब पडतं.”

“तळघर जवळ असलं म्हणजे झालं,” मुलगी म्हणाली.

शेठजींनी आईला शब्द दिला तेव्हापासून दरवर्षी खंडेनवमीला एक विधी होई. सकाळी सगळे मोठे लोक सोवळ्यासारखं अंग चोरून तळघरात उतरत: शेठजी, आत्याबाई, शेठजींचे बालमित्र असलेले वकीलसाहेब. नाना कोनाड्यातली एक बाटली काढून पाटावर ठेवत. पुढे निरांजन लावत. नानांचा स्क्रू, मेणबत्तीची बैठक, काचेची सुरई, सगळ्यांना झेंडू वाहिला जाई. मग शेठजी विचारत, “नाना, वेळ आली का?” आणि नाना बाटलीकडे एकवार बघून म्हणत, “नाही शेठ. अजून मुरते आहे.” सगळे समाधानानं मान डोलवत. बाटली पुन्हा कोनाड्यात उभी राही, आणि मंडळी वर पुरणपोळी जेवायला जात.

पहिल्या वर्षी मुलीनं हे कौतुकानं पाहिलं. दुसऱ्या वर्षी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली.

नाना एरवी कोणतीही जुनी वाइन सुरईत ओतताना बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरत. जुन्या लाल वाइनच्या तळाशी गाळ बसलेला असतो. मागून उजेड आला की तो मानेपर्यंत सरकताना दिसतो, आणि बरोबर त्या क्षणी हात थांबवायचा असतो. उजेड बाटलीच्या मागे, डोळे पुढे. हे तिला नानांनीच शेकडो वेळा सांगितलं होतं. बाटलीला काही विचारायचं असेल तर दिवा तिच्या पाठीशी ने, म्हणजे ती खोटं बोलत नाही.

खंडेनवमीला मात्र नाना निरांजन नेहमी बाटलीच्या पुढे ठेवत. पुढून उजेड पडला की काच चमकते, कुंकू चमकतं, सोनेरी चिठ्ठी चमकते. आतलं काही दिसत नाही.

मंडळी जेवायला वर गेल्यावर ती पायरीवरच नानांना आडवी आली.

“तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“दिवा कुठे ठेवायचा ते.”

नानांनी भिंतीला हात टेकला. मग पायरीवर बसले. त्यांचे गुडघे आता दुखू लागले होते.

“तुला दिसलं ना? मग झालं. दिसलेलं सगळंच बोलायचं नसतं.”

“पण त्या मेल्यात, नाना. कधीच्याच.”

“हळू बोल. अगं, त्या बाटल्यांत वाइन आहे असं तुला वाटतं. त्यात शेठचा आईला दिलेला शब्द आहे. तो मी कसा उघडून दाखवू? बिचारे वर्षातून एकदा खाली येतात, ऐकतात की मुरते आहे, आणि वर जाऊन सुखानं जेवतात. कुणाचं काय गेलं?”

“बारा बाटल्या गेल्या.”

“गेल्या त्या गेल्या. आता त्यांचं काही वाईट होणार नाही.” नाना उठले. “घाई करू नकोस. तूही मुरायची आहेस अजून.”

“नाना, ज्याचं उत्तर द्यायचं नसतं त्याला तुम्ही मुरतंय म्हणता.”

नाना पायऱ्या चढून वर गेले. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी पोळीवर तूप घेतलं नाही, हे तिनं पाहिलं.

खरं सांगायचं तर नानांचं म्हणणं तिला अगदीच खोटं वाटलं नव्हतं. मेलेल्याला आणखी काय मारणार? एका म्हाताऱ्या माणसाच्या मनातली आई, बारा बाटल्यांचा शिरका आणि एक पुरणपोळीचं जेवण. जगात याहून मोठे अन्याय होते. तिनं मनाला समजावलं आणि कामाला लागली. तिची जीभ तयार होत गेली. डोळे मिटून घोट घेतला की वाइन बोर्दोच्या नदीच्या डाव्या काठची की उजव्या, हे ती सांगू लागली. त्या वर्षी तिकडे पाऊस फार झाला होता की ऊन, हेही तिला कळू लागलं. नाना कधी स्तुती करत नसत. फक्त एकदा म्हणाले, “आता माझ्या नाकाला सुटी दिली तरी चालेल.”

मग त्या घरात दोन गोष्टी घडल्या. नानांच्या गुडघ्यांनी पायऱ्यांशी असहकार पुकारला, आणि शेठजींना नात झाली.

किल्ली पुढच्या खंडेनवमीला मुलीच्या हाती द्यायची, असं ठरलं. तळघराची किल्ली बाईच्या हाती, हे आत्याबाईंच्या घशाखाली उतरायला वेळ लागला, पण नानांनी शब्द टाकला आणि शेठजींनी तो उचलला. त्या दिवसापासून मुलीचे पाय जमिनीला लागेनासे झाले. ही किल्ली म्हणजे नुसतं एक कुलूप नव्हतं. शेठजींसाठी कोणती वाइन आणायची, कोणती कधी उघडायची, कोणती अजून निजू द्यायची, हे ठरवण्याचा तो अधिकार होता. त्यासाठीच ती इतकी वर्षं माठ भरत आली होती.

नातीच्या जन्माच्या वर्षाची बोर्दोची एक पेटी शेठजींनी मागवली. पोर मोठी होईल, तिच्या आयुष्यातला मोठा दिवस येईल, तेव्हा तिच्याच वयाची वाइन तिच्या पेल्यात ओतायची. एकेकाळी एका यजमानानं आपल्याला दिलं ते आपण नातीला द्यायचं. पेटी मुलीनंच उघडली. लाकडाच्या ताज्या भुशाचा वास आला. एकेक बाटली तिनं तान्ह्या बाळासारखी उचलून मांडणीवर आडवी केली. चाखायला म्हणून एक बाटली जादा आली होती. तिचा घोट कच्च्या जांभळासारखा तुरट होता, जीभ आक्रसवणारा, रागीट. पण त्या रागाच्या मागे खूप लांबवर काहीतरी उभं होतं. अजून चेहरा न दिसणारं, पण निश्चित येणारं. मुलीनं डोळे उघडले तेव्हा नाना तिच्याकडे बघत होते.

“काय दिसलं?” त्यांनी विचारलं.

“फार मोठी होणार आहे ही. पण आपण नीट वागलो तर.”

नानांनी मान हलवली. दोघांनाही त्या दिवशी आपापल्या जागी आनंद झाला होता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेठजी खाली आले, मांडणीवरच्या नव्या बाटल्यांवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, “उद्या ह्यांना कोनाड्यात घ्यायचं. आईच्या शेजारी. माझ्या नातीचा वाटा आईच्या पायाशीच राहू दे. किल्ली घेतलीस की तुझ्या हातानं उभ्या कर, आणि कुंकू लाव. तुझ्या हाताचं पहिलं काम ते.”

मुलीनं नानांकडे पाहिलं. नाना माठाकडे बघत होते.

तिला रात्री झोप लागली नाही असं सांगता येईल, पण ती गाढ झोपली. माणसाचं ठरलेलं असलं की झोप लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी उतरली. कोनाड्यात जागा केली होती. पाटावर जुनी बाटली, पुढे निरांजन, ताटात झेंडू आणि किल्ली. आत्याबाईंनी मुलीला ओवाळलं. वकीलसाहेब म्हणाले, “आता तळघरात शिरायचं तर हिचा परवाना लागणार. शेठ, तुझं राज्य गेलं.” सगळे हसले. शेठजींनी किल्ली तिच्या ओंजळीत ठेवली. तिनं वाकून नमस्कार केला, मनापासून केला.

मग शेठजींनी नेहमीचा प्रश्न या वेळी तिला विचारला. “सांग बाई, वेळ आली का?”

तिनं पाटावरच्या बाटलीकडे पाहिलं.

“म्हण,” आत्याबाई कुजबुजल्या. “अजून मुरते आहे, म्हण.”

“ते मी म्हणणार नाही,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “आणि शेठजी, नातीच्या बाटल्या मी उभ्या करणार नाही.”

तळघरात माठांचं पाझरणं ऐकू येऊ लागलं.

“बाई,” शेठजी शांतपणे म्हणाले, “हा माझ्या आईचा नियम आहे.”

“आहे. म्हणूनच आईंच्या बारा बाटल्यांना मी हात लावत नाही. त्या आईंच्या आहेत, उभ्या राहू द्या. रोज फूल मी वाहीन. पण त्यांना देव म्हणा, वाइन म्हणू नका. आणि ह्या तुमच्या नातीच्या आहेत. ह्या अजून जिवंत आहेत.”

“म्हणजे आईच्या मेल्यात म्हणतेस?” आत्याबाई पुढे सरसावल्या. “खंडेनवमीच्या दिवशी हे बोलणं? शिकवून सवरून तयार केलं त्याचं हे फळ, शेठ. मी म्हणत होते.”

“अगं, नियमामागे काही विचार असतो,” वकीलसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुला आज समजत नाही म्हणून तो चूक होत नाही. थोडी थांब. मुरशील तेव्हा कळेल.”

“मी थांबायला तयार आहे, काका. बाटल्या थांबणार नाहीत.”

शेठजींचा चेहरा आता कठीण झाला होता. “किल्ली घेतलीस ती नियमासकट घेतलीस. नियम नको तर किल्ली पण नाही.”

मुलीनं ओंजळीतल्या किल्लीकडे पाहिलं. तिला ती हवी होती. किती हवी होती, हे त्या खोलीत फक्त नानांना ठाऊक होतं. तिनं ती झेंडूंच्या शेजारी ताटात ठेवली. मग ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि दोन बुचं पाटावर मांडली. एक जांभळं, एक पांढुरकं.

“मला हे नानांनी शिकवलं,” ती म्हणाली. “वाइन लागत राहिली की बूच जिवंत राहतं, आणि बूच जिवंत असलं की आतलं टिकतं. मला वाटतं नियमाचंही तसंच आहे. त्याला प्रश्न लागत राहावा लागतो. आईंनी नियम केला तेव्हा त्यात त्यांचं प्रेम होतं, धाक होता, तुम्हाला घरात ठेवून घ्यायची धडपड होती. मग आपण म्हणालो, विचारायचं नाही. आपण तो उभा केला, हार घातला, आणि त्याच्या आत काय उरलंय हे इतक्या वर्षांत कुणी बघितलं नाही. बाहेरून तो अजून तसाच दिसतो.”

कुणी काही बोलायच्या आत तिनं निरांजन उचललं आणि ते पाटावर बाटलीच्या मागे ठेवलं.

काच आतून उजळली. बाटलीच्या मानेत वाइन नव्हतीच. ती खांद्याच्याही खाली उतरली होती, आणि जे उरलं होतं त्याचा रंग लाल नव्हता. विहिरीतल्या गंजलेल्या पोहऱ्यातल्या पाण्यासारखा तो तपकिरी, गढूळ होता. बुचाच्या खालच्या अंगाला ओलीचा मागमूस नव्हता. कुंकवाचं बोट आता काळं दिसत होतं.

आत्याबाईंनी पदर तोंडाशी नेला. वकीलसाहेब चष्मा पुसू लागले. शेठजी बराच वेळ त्या उजेडाकडे बघत होते. मग, कोणाचा तरी आधार घ्यावा तसे, ते वळले.

“नाना,” ते म्हणाले, “तुम्ही सांगा.”

नानांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं जे वाक्य आपोआप येत असे ते ओठांशी आलं असावं, कारण ते हलले. पण पाटावर दोन बुचं होती, त्यांच्याच हातानं काढलेली. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मान खाली घातली.

“उभ्या करणार नाही,” मुलगी पुन्हा एकदा म्हणाली. कुणाला बजावण्यासाठी नाही, तर मांडणीवर निजलेल्या त्या बाटल्यांना कळावं म्हणून म्हणावं तशी.

माठ पाझरत होते. निरांजन बाटलीच्या मागे होतं, आणि ते पुढे आणायला कुणाचाच हात उठला नाही.